फोनमधली आई

ऑक्टोबर २०१९ मध्ये मी नोकरीसाठी स्टॉकहोमला आले तेव्हा लेक साडेतीन वर्षांची होती. तिला सांगलीला माझ्या आईकडे ठेवलं. प्लॅन साधा होता, मी आधी जाऊन जम बसवायचा, भाड्याचं घर बघायचं आणि एप्रिलमध्ये नवरा तिला घेऊन येणार. त्याची नोकरी पुण्यात, तो शनिवार-रविवार सांगलीला जायचा. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे असं सगळे म्हणत होते आणि मीही स्वतःला तेच सांगत होते. मग मार्च २०२० आला, विमानं बंद झाली, कागदपत्रं जिथल्या तिथे अडकली, आणि त्या सहा महिन्यांचे सोळा महिने झाले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ते दोघं फ्रँकफर्टमार्गे आले. अर्लांडा एअरपोर्टवर मी दोन तास आधीच जाऊन उभी, हातात तिच्या मापाचा म्हणून अंदाजाने घेतलेला स्नोसूट, जो नंतर आखूड झाला कारण मी मनात अजून साडेतीन वर्षांचीच मुलगी धरून बसले होते. ती बाहेर आली, माझ्याकडे नीट बघितलं आणि बाबाच्या पाठीमागे गेली. आणि तिथून त्याला विचारलं, ही फोनमधली आई आहे का?

मला वाटलं होतं दोन-चार दिवसांत होईल सगळं ठीक. नाही झालं. ती त्रास देत नव्हती, रडतही नव्हती फार. पाहुण्यांच्या घरी वागतात तशी वागायची. पाणी हवं असलं तर बाबाला सांगायची, पडली की "आजी" म्हणून ओरडायची, रात्री माझा हात अंगावर पडला की हळूच काढून ठेवायची. आणि एके दिवशी तिने मला सांगितलं की तू त्या खोलीत जा आणि मला फोन कर. मी गेले, व्हिडिओ कॉल लावला, आणि ती जी सुरू झाली, बाबांनी मोजे उलटे घातले, बर्फ चवीला कसलाच नाही, आजीने डब्यात दिलेले बेसनाचे लाडू तीनच उरलेत. दोन खोल्यांच्या मध्ये एक भिंत आणि आम्ही फोनवर. पुढचे जवळपास दोन महिने आमचं खरं बोलणं असंच झालं, रोज संध्याकाळी, मी बेडरूममध्ये आणि ती हॉलमध्ये. नवरा म्हणायचा की ही सवय मोडायला हवी. मला मोडवत नव्हती, कारण तेवढ्या वेळापुरती तरी ती माझी होती.

त्याच काळात माझा स्वीडिश भाषेचा क्लास चालू होता. इथे बाहेरून येणाऱ्यांसाठी एसएफआय म्हणून सरकारी क्लास असतो, फुकट, ए ते डी अशा पायऱ्या, आणि तेव्हा तो ऑनलाइनच होता. आमच्या बाईंनी सांगितलं की वर्तमानपत्र वाचायला अजून अवकाश आहे, आधी लहान मुलांची पुस्तकं वाचा, मोठ्याने वाचा, आणि घरात मूल असेल तर त्याला वाचून दाखवा. पहिलं नाव त्यांनी घेतलं स्वीडिश लेखिका आस्त्रिद लिंडग्रेनचं. मला तिची पिप्पी लाँगस्टॉकिंग तेवढी ऐकून माहीत होती, लाल वेण्यांची, घोडा उचलणारी. बाईंनी मात्र बुलरबीची पुस्तकं घ्यायला सांगितली, वाक्यं छोटी आहेत म्हणून.

बुलरबी म्हणजे एका ओळीत तीन घरांचं गाव. उत्तरेचं घर, मधलं घर, दक्षिणेचं घर. तीन घरांत मिळून सहा मुलं. मधल्या घरात लीसा आणि तिचे दोन भाऊ लास्से आणि बोस्से, एका बाजूला ब्रित्ता आणि आन्ना या बहिणी, दुसऱ्या बाजूला एकटा ऊल्ले, ज्याला पुढे एक छोटी बहीण होते. गोष्ट लीसा सांगते. आणि गोष्ट तरी काय, सातव्या वाढदिवसाला तिला स्वतःची खोली मिळते, ती आणि आन्ना दुकानात जातात आणि सामान विसरून विसरून परत फिरतात, गवतात उड्या मारतात, नाताळची तयारी करतात. पहिलं पुस्तक १९४७ चं. यात काही घडतच नाही असं मला सुरुवातीला वाटलं. पण मी अडखळत एक परिच्छेद स्वीडिशमध्ये वाचायचे, मग मराठीत सांगायचे, आणि लेक, जी माझ्या मांडीजवळ कधी बसत नव्हती, ती सोफ्याच्या त्या टोकाला बसून ऐकायची. रोज थोडी थोडी सरकायची. पुस्तकात चित्रं आहेत ना, ती लांबून दिसत नाहीत.

तिची इथली बालवाडी सुरू झाली आणि महिन्या-दीड महिन्यात ती माझे उच्चार दुरुस्त करायला लागली. सात या आकड्याला स्वीडिशमध्ये जो शब्द आहे त्याचा उच्चार आपल्याला जमतच नाही, फुंकर मारल्यासारखा घशातून हवा सोडत काढायचा असतो. मी "शू" म्हणायचे. ती पुस्तक बंद करून माझ्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची परत कर. लीसाचा सातवा वाढदिवस आम्ही त्यामुळे किती वेळा वाचला असेल! त्या एका शब्दासाठी तिने पहिल्यांदा माझ्या गालाला हात लावला, तोंड असं कर म्हणून. मला पुढचं वाचता येईना.

आणि मग ती सिगारच्या डब्याची गोष्ट आली. लीसाच्या खिडकीसमोरच ब्रित्ता आणि आन्नाची खिडकी, तर या मुली दोन खिडक्यांच्या मध्ये दोरी बांधतात आणि सिगारच्या रिकाम्या डब्यातून एकमेकींना चिठ्ठ्या पाठवतात. हे वाचून झाल्यावर लेक गप्प बसली आणि म्हणाली, यांच्याकडे फोन नव्हता म्हणून ना? मी म्हटलं हो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीसारखी फोन घेऊन बेडरूममध्ये गेले तर तिने फोन उचलला नाही. दाराच्या फटीतून सुतळीचं टोक आत आलं. त्याला चपलेच्या खोक्याचं झाकण, आणि झाकणात एक कागद, त्यावर दोन वाकडे गोल, एक मोठा एक छोटा. लिहिता येत नव्हतं तिला अजून.

फोन तिथे संपला. पुढे काही आठवडे सुतळी चालली. कधी झाकणात बिस्किट यायचं, कधी मोजा, कधी नुसतंच रिकामं झाकण, आणि मी काहीतरी घालून परत पाठवायचं. दार उघडं असायचं हळूहळू. मग एके दिवशी झाकण ओढत ती स्वतःच आली आत.

उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या मुलीशी तिची मैत्री झाली तीही या सुतळीवरच. आमच्या बाल्कनीच्या बरोबर वर त्यांची बाल्कनी. ती मुलगी इराकमधून आलेल्या कुटुंबातली, दोघींची सामायिक भाषा म्हणजे मोडकं स्वीडिश, पण बुलरबी तिलाही माहीत होतं, इथे बालवाडीत सगळ्यांनाच माहीत असतं. डबा वर जायचा रिकामा आणि खाली यायचा खजूर घेऊन, आमच्याकडून वर जायची शेंगदाण्याची चिक्की. त्यांच्या आजी एकदा वरून ओरडून काहीतरी म्हणाल्या, मला भाषा कळली नाही पण सूर कळला, जेवायला या असा होता. आजही दर ईदला आम्ही वर असतो आणि त्या गणपतीला आमच्याकडे.

इथे एक सांगायला हवं, कारण नाहीतर हे सगळं गोडगोड वाटेल. त्या पहिल्या वर्षात मी एकदा तिच्यावर हात उगारला होता. ती जेवत नव्हती, आजीच्या हातचंच हवं म्हणून ताट सरकवलं, आणि माझा हात वर गेला. मारलं नाही, पण तिने डोळे मिटून मान खाली घातली ते मी विसरू शकत नाही. स्वीडनमध्ये मुलांना मारायला कायद्याने बंदी आहे, १९७९ पासून, जगातला तो पहिला देश. हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याच्या आदल्या वर्षी याच आस्त्रिद लिंडग्रेनने जर्मनीत फ्रँकफर्टला शांतता पुरस्कार घेताना जे भाषण केलं ते मी नंतर वाचलं. त्यात तिने एका बाईची ऐकलेली हकिकत सांगितलीय. मुलाने काहीतरी आगळीक केली, तर या बाईने त्यालाच बाहेर पाठवलं, छडी शोधून आण म्हणून. मुलगा बराच वेळ आला नाही, मग रडत आला आणि म्हणाला, छडी नाही मिळाली पण हा दगड मिळालाय, हा तू मला मारू शकतेस. आई रडायला लागली. तो दगड तिने स्वयंपाकघरात फळीवर ठेवून दिला, कायमचा. मी हे वाचलं आणि बराच वेळ उठले नाही जागची.

तर या आस्त्रिदबद्दल मला अजून वाचावंसं वाटायला लागलं. क्लासच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तिची स्वतःची गोष्ट माहितीय का तुला, तिच्या लास्सेची? मला वाटलं बुलरबीतल्या लास्सेबद्दल बोलतायत. नाही, तिचा मुलगा.

आस्त्रिद १९०७ ची, स्मोलांड भागातल्या विम्मरबी गावाजवळ नेस नावाच्या शेतघरात जन्मली, चार भावंडं. शाळा संपल्यावर गावातल्या वर्तमानपत्रात नोकरीला लागली. तिथल्या संपादकापासून तिला दिवस गेले, तो तिच्यापेक्षा खूप मोठा, बायकामुलं असलेला, आणि ही अठरा-एकोणीस वर्षांची. गावात तोंड दाखवणं अवघड झालं. ती स्टॉकहोमला आली, टायपिंग आणि शॉर्टहँड शिकायला लागली, आणि बाळंतपणासाठी गेली कोपनहेगनला, कारण तिथे एका हॉस्पिटलात बापाचं नाव न सांगता बाळंत होता यायचं. डिसेंबर १९२६ मध्ये लास्से झाला. आणि त्याला तिथेच, कोपनहेगनमध्ये, एका पालक आईकडे ठेवून ती स्टॉकहोमला परत आली. पगार तुटपुंजा, सेक्रेटरीची नोकरी. पैसे साठले की तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून रात्रभर प्रवास करून जायची, थोडा वेळ मुलाजवळ आणि परत. तीन वर्षं असं चाललं.

मी हे वाचत होते आणि मला माझ्या त्या सोळा महिन्यांची लाज वाटायची ती जरा कमी झाली, खोटं कशाला सांगू. कुणीतरी होतं माझ्यासारखं. पण पुढचं वाचल्यावर मात्र वेगळंच झालं. १९३० च्या सुरुवातीला ती पालक आई आजारी पडली, त्यामुळे लास्सेला तिथून हलवावं लागलं. तीन वर्षांचा मुलगा. त्याच्या दृष्टीने आई म्हणजे तीच बाई, घर म्हणजे तेच घर, भाषासुद्धा डॅनिश. त्याला आस्त्रिद स्टॉकहोमला घेऊन आली, मग नेसला आपल्या आईवडलांकडे ठेवलं, आणि १९३१ मध्ये स्तूर लिंडग्रेनशी लग्न झाल्यावर अखेर स्वतःकडे आणलं. म्हणजे जगाच्या हिशेबात मुलाला आई मिळाली. आणि मुलाच्या हिशेबात?

सोळा महिने मी सतत एकच विचार केला होता, माझी मुलगी माझ्यापासून लांब आहे. ती माझ्याकडे आली म्हणजे ताटातूट संपली असंच मी धरलं. पण तिची ताटातूट तर अर्लांडाला सुरू झाली होती. आजी, आजीच्या देवघरातली घंटा, परसातलं लिंबाचं झाड, शेजारचा पोरगा, सगळं एका विमानात बसल्यावर गेलं, आणि कुणी तिला त्याबद्दल विचारलंही नाही, उलट बघ आता तू आईकडे आलीस, म्हणजे खूश हो. मी तर आजीचा फोनसुद्धा जरा कमी केला होता त्या दिवसांत. सवय व्हावी म्हणून. ही चूक मी केली होती, आणि माझ्या आईने तिकडे एका शब्दाने तक्रार केली नव्हती.

त्याच रात्री मी आईला फोन केला. सांगलीत मध्यरात्र उलटून गेली होती. आई एवढंच म्हणाली, "अगं तुला त्रास नको म्हणून मी फोन करत नव्हते." तेव्हापासून रोज संध्याकाळी आजीचा कॉल. आणि नवल म्हणजे आजी परत आल्यावर लेक माझ्याकडे जास्त आली. रात्री हात काढून ठेवायचा बंद झाला.

मग आम्ही एकेक करत सगळी पुस्तकं वाचली. पिप्पीची गोष्ट पण घरातूनच आलेली, १९४१ मध्ये आस्त्रिदची मुलगी कारिन न्यूमोनियाने अंथरुणावर होती, तिने हे नाव उगाच सुचलं म्हणून सांगितलं आणि हिची गोष्ट सांग म्हणाली. पुढे १९४४ मध्ये बर्फावर घसरून पाय मुरगळला तेव्हा आस्त्रिदने ती शॉर्टहँडमध्ये लिहून काढली, एका मोठ्या प्रकाशकाने नाकारली, आणि १९४५ मध्ये दुसऱ्याने छापली. पिप्पी सगळ्यांना हसवते, पण माझी लेक पिप्पी ऐकताना काळजीत असायची. आई स्वर्गात, बाबा समुद्रात हरवलेले, एवढ्या मोठ्या घरात एकटी माकड आणि घोड्याबरोबर, रात्री उशीवर पाय ठेवून झोपते. तिला झोप आता असं म्हणायला कुणी नाही म्हणून ती स्वतःच स्वतःला सांगते. लेक विचारायची, मग टॉमी आणि अन्निका तिच्याकडेच राहायला का नाही जात? शेजारची मुलं, त्यांनी रोज खेळायला येणं एवढंच पिप्पीकडे आहे. माझ्या मते आस्त्रिदच्या पुस्तकांत मैत्री ही घराच्या शेजारची वस्तू नाहीये, जिथे घर फाटलंय तिथे लावलेला तो टाका आहे.

मिओची गोष्ट मी मुद्दाम ती सात वर्षांची होईपर्यंत ठेवली होती. १९५४ चं पुस्तक. स्टॉकहोममधला एक मुलगा, दत्तक घरी राहणारा, तिथे तो कुणाला फारसा नको आहे. त्याचा मित्र बेंका, ज्याचे बाबा त्याच्याबरोबर विमानाची मॉडेल्स बनवतात, आणि हा ते बघत राहतो. एका संध्याकाळी तो तेग्नेरलुंदेन नावाच्या बागेत बाकावर एकटा बसलेला असतो, आणि तिथून दूरच्या देशात जातो, जिथे त्याचा खरा बाप राजा आहे आणि त्याची वाट बघतोय. आस्त्रिदला त्या बागेत खरंच एक छोटा मुलगा एकटा बसलेला दिसला होता, त्यावरून हे सुचलं. ती राहायची पण जवळच, दालागातान रस्त्यावर ४६ नंबरला, १९४१ पासून २००२ मध्ये तिचं निधन होईपर्यंत.

पुस्तक संपलं तेव्हा लेक म्हणाली आपण त्या बागेत जाऊ. गेलो. नोव्हेंबर, दुपारी साडेतीनलाच अंधार. तिने सगळे बाक बघितले, एकेक करून, रिकामे. म्हणाली, बरं झालं, नाहीये कुणी. मग एका बाकावर बसली आणि मला म्हणाली तू पण बस. काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, मी सांगलीला असताना गेटच्या पायरीवर बसायचे, तुझ्या कॉलच्या आधी. मला हे माहीत नव्हतं. आईनेही कधी सांगितलं नव्हतं. तिथे थंडीत मी तिला सगळं सांगितलं, मी का गेले, का येऊ शकले नाही, मला कसं व्हायचं, आणि तिने मधे मधे प्रश्न विचारले, मोठ्या माणसासारखे. एक प्रश्न होता, विमानं चालू असती तर तू नक्की आली असतीस? मी म्हटलं नक्की.

पुढच्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली आणि आम्ही सगळे विम्मरबीला गेलो. आधी लिंशॉपिंगपर्यंत एक ट्रेन, तिथून दुसरी छोटी. नेसचं लाल घर बघितलं, तिथलं ते जुनं एल्मचं झाड बघितलं. मग सेवेडस्टोर्पला गेलो, आस्त्रिदचे वडील लहानपणी जिथे राहिले ते ठिकाण, तेच बुलरबी. खरंच तीन घरं एका ओळीत, लाल रंगाची, पांढऱ्या चौकटी. लेकीने आजीचा हात धरून तिला एकेक घर दाखवलं, हे लीसाचं, हे ऊल्लेचं, आणि इथे वरच्या खोलीत आजोबा राहायचे, ब्रित्ता आणि आन्नाचे, पण सगळी मुलं त्यांना आजोबाच म्हणायची, आणि त्यांना दिसायचं नाही म्हणून पेपर वाचून दाखवायची. आईला स्वीडिशचा एक शब्द येत नाही, पण ती त्या खिडकीकडे बराच वेळ बघत होती. मग मला म्हणाली, घरं लांब लांब नाहीत ते बरंय.

गावच्या स्मशानभूमीत आस्त्रिदची कबर आहे. साधा, न घडवलेला दगड. लेकीने तिथे काय ठेवावं म्हणून खूप विचार केला आणि खिशातून सुतळीचा तुकडा काढून ठेवला. मी म्हटलं चालेल.

आता ती नऊची होत आली. गेल्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्याला ताण नको म्हणून टीव्ही, पेपर सगळं काही दिवस बंद. तर रोज संध्याकाळी इकडून हिने पुस्तक वाचून दाखवायचं, स्वीडिशमधून थेट मराठी करत, अडलं की माझ्याकडे बघत. दुकानात जाऊन सामान विसरण्याचं प्रकरण चालू होतं. लीसा आणि आन्ना तिसऱ्यांदा अर्ध्या वाटेवरून परत फिरतात तिथे आईने तिकडून थांबवलं.

"अगं, एवढं चालून पोरी दमल्या असतील की. दुकानदारानं बसा तरी म्हटलं काय त्यांना?"

लेकीने पान मागे उलटलं आणि शोधायला लागली.